अकरा सायकली

“बाई, अशा नाही बसायच्या त्या.”

मी चौथी सायकल पत्र्याच्या खोलीत घुसवत होते. आधीच्या तीन एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, की चौथी धड आत जाईना आणि बाहेरही येईना. माझ्या शर्टाची बाही कुठल्या तरी ब्रेकमध्ये अडकली होती. मान वळवून पाहिलं, तर दारात रंगनाथ आवटे उभे होते.

त्या सायकली चोरल्याचा खटला ज्यांच्यावर चालू होता, ते हे आवटे. जामिनावर होते. दर शनिवारी सकाळी ठाण्यात येऊन हजेरीच्या वहीत सही करायची, अशी कोर्टाची अट होती. पन्नाशीचा माणूस, अंगात धुवट सदरा, हातात कापडी पिशवी. सही करून जाता जाता त्यांना मी दिसले असणार.

“मग कशा बसतात?” मी विचारलं.

“आधी ह्या तीन बाहेर काढाव्या लागतील.”

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते. तालुक्याच्या ठाण्यात कॉन्स्टेबल म्हणून येऊन मला चार महिने झाले होते आणि दोन महिन्यांपासून मुद्देमालाचं काम माझ्याकडे होतं. गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तू सांभाळायच्या आणि कोर्टाने मागितल्या की जशाच्या तशा हजर करायच्या, एवढंच काम. माझ्या ताब्यात तेव्हा दोन कोयते, एक शिवणयंत्र, एका पुढाऱ्याची चप्पल आणि अकरा सायकली होत्या. सायकली आवारात लिंबाखाली उभ्या असत.

आदल्या दिवशी इन्स्पेक्टर मोहोळकर साहेबांनी मला बोलावलं होतं.

“भालके, सोमवारी वरून पाहणी आहे. आवारात एकही सायकल दिसता कामा नये.”

“ठेवू कुठे, साहेब?”

“बागेच्या खोलीत.”

“साहेब, ती आठ बाय सहाची आहे.”

“मग?”

“सायकली अकरा आहेत.”

“मी तुला गणित विचारलंय का?”

विचारलं नव्हतं, म्हणून मी बाहेर आले.

बागेची खोली म्हणजे ठाण्याच्या मागची पत्र्याची शेड. मोहोळकर साहेबांच्या आधीच्या साहेबांना गुलाबांचा नाद होता. त्यांनी मागच्या आवारात बाग केली आणि कुदळ-फावडं, खताची पोती ठेवायला ही खोली बांधून घेतली. त्यांची बदली झाली, गुलाब वाळले, माळ्याची जागा रिकामी राहिली. मी खोलीतून दोन फावडी, पाण्याचा नळा आणि उंदरांनी फोडलेलं खताचं पोतं बाहेर काढलं, तेव्हा ती पहिल्यापेक्षाही लहान दिसायला लागली.

आवट्यांनी पिशवी खिळ्याला अडकवली आणि माझी बाही ब्रेकमधून सोडवली.

“पान्हा आहे?”

“कशाला?”

“पायडल काढायला. सायकलीची सगळी जागा पायडल आणि हँडल खातं. ती दोन आडवी आली नाहीत, तर सायकल वीतभर जागेत उभी राहते.”

मुद्देमालाच्या वस्तूचा भाग सुटा करायचा नसतो. आरोपीने तर मुद्देमालाला हातच लावायचा नसतो. हे दोन्ही नियम मला पाठ होते. पण सोमवारही दोनच दिवसांवर होता. मी जीपच्या ड्रायव्हरकडून पान्हा आणला.

“मी सांगतो, तुम्ही काढा,” आवटे म्हणाले. “नंतर कुणी म्हणायला नको.”

पहिलं पायडल निघालं. दुसरं काही केल्या हलेना.

“उलटं फिरवा. डाव्या बाजूच्या पायडलचे आटे उलटे असतात.”

ते फिरलं. मग हँडलचा नट सैल करून हँडल आडवं होतं ते उभं केलं, सायकलीच्या अंगाबरोबर. एक सायकल पुढच्या चाकाने आत, तिच्या शेजारची मागच्या चाकाने आत, अशी उलटसुलट लावायची. म्हणजे एकीचं हँडल दुसरीच्या सीटशी येतं, दोन हँडलं एकमेकांना भिडत नाहीत. काढलेली पायडलं आवट्यांनी जोडीजोडीने सुतळीत बांधायला सांगितली. प्रत्येक जोडी तिच्याच सायकलीच्या कॅरिअरला लावली.

काम करता करता मी विचारलं, “तुम्ही सायकलीच का चोरत होतात?”

“दुकानात वीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. मालकाने ते बंद करून टीव्हीचं दुकान टाकलं. मला दुसरं काही येत नाही.”

  

“आणि चोरून, चालवत घरी न्यायच्या?”

“मला चालवता येत नाही.”

मी पान्हा थांबवला.

“शिकायचं राहूनच गेलं,” ते म्हणाले. “ढकलत न्यायचो. सायकल पळवत नेणाऱ्याकडे लोक बघतात. ढकलत नेणाऱ्याकडे कोण बघतंय? पंक्चर असेल म्हणतात. एकाने तर थांबून हवा भरून दिली.”

हे त्यांनी फुशारकी म्हणून सांगितलं नाही आणि गंमत म्हणूनही नाही.

दुपारी बारापर्यंत आठ सायकली आत गेल्या. इतक्या नीट, की मधून हात फिरवता येत होता. आवटे मागे सरकले आणि सदऱ्याला हात पुसायला लागले.

“झालं,” ते म्हणाले.

“तीन राहिल्या ना.”

त्यांनी बाहेर राहिलेल्या सायकलींकडे पाहिलं. एक दुधाच्या कॅनसाठी दोन्हीकडे कड्या लावलेली काळी, एक लाल आणि एक लेडीज.

“हो, त्या राहिल्या,” ते म्हणाले. “मला आठचीच सवय.”

मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. मला सोमवारची घाई होती. आवट्यांनी वर पाहिलं. पत्र्याखाली लोखंडी कांब गेली होती. त्यांनी गुलाबांच्या वेलीची जुनी तार मागितली, तिचे तीन आकडे वळवले आणि त्या तिन्ही सायकली पुढच्या चाकाने कांबेला टांगायला लावल्या. खोलीचं दार बाहेर उघडणारं होतं, म्हणून ते लागलं. मी कुलूप घातलं.

“चहा घेता?”

“नको. हजेरीला आलेल्या माणसाने ठाण्यात चहा घेतलेला बरा दिसत नाही.”

पिशवी घेऊन ते गेले.

जेवण झाल्यावर मी मुद्देमालाच्या वहीत नोंद करायला बसले. कुठली सायकल कुठे ठेवली, ते लिहायचं होतं. नंबर ताडून बघायला जप्तीचा पंचनामा काढला. तो मी आधीही वाचला होता. पण त्यात काय लिहिलंय हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

‘आरोपीचे राहते खोलीस कुलूप होते. ते पंचांसमक्ष तोडून आत प्रवेश केला असता अकरा सायकली एका ओळीत, पायडलसह, सुस्थितीत उभ्या मिळून आल्या. खोलीचे माप आठ फूट बाय पाच फूट.’

मी ते तीनदा वाचलं. माझी खोली आठ बाय सहाची. तिच्यात पायडलं काढून, हँडलं फिरवून, तीन वर टांगून अकरा बसल्या होत्या. ह्यांच्या खोलीत एक फूट कमी, पायडलं लावलेली, आणि एका ओळीत अकरा.

मग मी त्या तीन सायकलींच्या फिर्यादी काढल्या. लाल सायकल आणि लेडीज सायकल साध्या चोरीच्या. तिसरी शिवराम घोलप नावाच्या दूधवाल्याची. पहाटे कालव्याच्या रस्त्याने जाताना कुणीतरी मागून डोक्यात काठी घातली, सायकल घेऊन गेला. घोलप पडले ते कॅनच्या काठावर, त्यात उजवा डोळा गेला. ती जबरी चोरी. चोरीला महिने मिळतात, जबरी चोरीला वर्षं. तिन्ही फिर्यादी वर्षभर पडून होत्या आणि आवट्यांच्या खोलीचं कुलूप तोडलं त्या दिवशी निकाली निघाल्या होत्या. तारीख एकतीस डिसेंबर, वर्षाचे निकाली गुन्हे मोजायचा दिवस. कुठेतरी बेवारस सापडलेल्या तीन सायकली आवट्यांच्या आठात घातल्या असणार.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी साडी नेसून, शिवणकामाची टेप घेऊन कासार गल्लीत गेले. आवट्यांच्या घरमालकीण ठकूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आवटे भाचीच्या गावाला गेले होते.

“खोली बघायची होती,” मी म्हणाले.

“भाड्याने?”

“नाही. मोजायला.”

ठकूबाईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कडी काढली. आठ बाय पाच. कौलं इतकी खाली, की हात वर केला तर बोटं टेकत. वर टांगायला काही नव्हतं. दार आत उघडत होतं, दोन फुटांचं.

“सायकली होत्या, तेव्हा ते झोपायचे कुठे?” मी विचारलं.

“इथं, माझ्या ओट्यावर. मी म्हणायची, रंगनाथ, माणसानं आत झोपावं अन् सायकल बाहेर ठेवावी. तर म्हणायचा, ठकूबाई, बाहेर ठेवली तर चोरीला जाईल.”

“किती होत्या?”

“आठ. नववी आणली होती एकदा. बसली नाही, म्हणून तासाभरानं जिथली तिथं नेऊन ठेवली.”

“हे तुम्ही पोलिसांना सांगितलं?”

“मला कुणी विचारलं नाही.” त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. “तू कोण?”

मी सांगितलं. त्यांनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या.

सोमवारी पाहणी झाली. वरचे साहेब मागच्या आवारात आलेच नाहीत. मंगळवारी मी मोहोळकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“साहेब, पंचनाम्यात खोलीचं माप आठ बाय पाच आहे.”

“बरं.”

“त्यात अकरा सायकली बसत नाहीत.”

साहेब लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

“भालके, तू पंचनाम्याला हजर होतीस?”

“नाही, साहेब.”

“तुझं काम काय?”

“मुद्देमाल सांभाळायचा.”

“मग सांभाळ. कोर्टात विचारतील, ह्याच सायकली का? तू म्हणायचं, ह्याच. उतरायचं आणि घरी जायचं. एका चोराला आठ काय आणि अकरा काय?”

ह्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, पण ते दिलं असतं तर मी त्यांना खोटं ठरवलं असतं. तसं म्हणायला माझ्याजवळ एक टेप आणि एक म्हातारी होती. म्हातारीने कडी लावून घेतली होती.

तीन आठवड्यांनी माझी साक्ष लागली. आवटे पिंजऱ्यात उभे होते. त्यांचे वकील लोहकरे सरकारतर्फे मिळालेले, त्यांच्या त्या दिवशी आणखी पाच केसेस होत्या. मागच्या बाकावर पांढरी टोपी घातलेले, उजव्या डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले एक म्हातारे बसले होते. ते घोलप. त्यांची साक्ष आधीच झाली होती. मारणारा दिसला नाही, असं ते सांगून गेले होते, तरी प्रत्येक तारखेला येऊन बसत.

सरकारी वकिलांनी विचारलं, “ह्याच अकरा सायकली तुमच्या ताब्यात आहेत?”

“हो.”

लोहकरे अर्धवट उठून म्हणाले, “उलटतपास नाही.”

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरायला वळले. न्यायाधीश देशमाने साहेब खाली बघून लिहीत होते. सवयीने, मान वर न करता त्यांनी विचारलं, “मुद्देमाल सुस्थितीत आहे ना?”

‘हो’ म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. सायकली सुस्थितीतच होत्या. मोहोळकर साहेब दाराजवळ उभे होते. माझ्या घरी आई होती, दोन भाऊ शिकत होते, आणि नोकरीत मी अजून कायम झाले नव्हते. हे सगळं मला त्या एका क्षणात आठवलं असं मी म्हणणार नाही. 

“आहे, साहेब. फक्त मी पायडलं काढली आहेत.”

देशमाने साहेबांचं पेन थांबलं. “काय केलंत?”

“बावीस पायडलं काढली. हँडलंही फिरवली.”

“मुद्देमालाचे भाग सुटे केले? कुणाच्या परवानगीने?”

“कुणाच्याच नाही.”

“का?”

“नाहीतर अकरा बसत नाहीत, साहेब. खोली आठ बाय सहाची आहे. पायडलं काढूनही आठच बसल्या. तीन वर टांगाव्या लागल्या.”

“हे असं लावायचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आरोपीने.”

कोर्टात कुणी हसलं नाही. सरकारी वकील माझ्याकडे बघतच राहिले. लोहकरे आता पूर्ण उभे होते.

“आरोपीने का सांगितलं?” देशमाने साहेबांनी विचारलं.

“त्यांना सवय आहे, असं ते म्हणाले. आठची.”

 साहेबांनी फाईल मागे उलटली. एक पान, दुसरं पान. एका पानावर त्यांचं बोट थांबलं आणि पुढे सरकेना. 

“आरोपीची खोली अजून आहे का?” त्यांनी विचारलं.

लोहकऱ्यांनी आवट्यांकडे पाहिलं. “आहे, साहेब,” आवटे म्हणाले. “माझंच भाडं चालू आहे.”

त्या शुक्रवारी पायडलं-हँडलं पूर्ववत लावून अकरा सायकली टेम्पोत घालून कासार गल्लीत नेल्या. देशमाने साहेब स्वतः आले, बरोबर कोर्टाचा बेलिफ, दोन्ही वकील आणि नवे पंच. मोहोळकर साहेब जीपमध्येच बसून राहिले. गल्लीतली सगळी माणसं ओट्यांवर होती. बेलिफाने खोली मोजली. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं, की मूळ मापच चुकलं असेल. माप बरोबर निघालं.

पायडलांसह एका ओळीत पाच सायकली बसल्या. सहावीचं हँडल भिंतीला लागलं. मग साहेबांनी पायडलं काढायला सांगितली. मी पान्हा घेतला. आवटे बेड्यांत नव्हते, पण कुणी सांगितल्याशिवाय ते जागचे हलले नाहीत. सायकली आत घेता घेता मी एक उलटी लावायची विसरले, तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला. मी ती फिरवली.

आठ बसल्या. नववी राहिली ती दार उघडायच्या जागेत.

“दार लावा,” देशमाने साहेब म्हणाले.

बेलिफाने ओढलं, ढकललं, खांदा लावला. दार नवव्या सायकलीच्या चाकाला अडून राहिलं. पंचनाम्यात दाराला कुलूप होतं.

ठकूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “मी सांगितलं होतं. नववी बसत नाही.”

“कुणाला सांगितलं होतं?” साहेबांनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

निकाल दोन महिन्यांनी लागला. आठ चोऱ्यांत आवटे दोषी ठरले. त्यांनी त्या कधी नाकारल्याच नव्हत्या. चौदा महिन्यांची शिक्षा झाली. उरलेल्या तिन्हींतून, जबरी चोरीतूनही, ते सुटले. पंचनाम्यावर कोर्टाने कडक शब्द लिहिले, ते मोहोळकर साहेबांच्या फाईलला लागले. पुढच्या वर्षी त्यांना बढती मिळाली. मला मुद्देमालात फेरफार केल्याबद्दल ताकीद मिळाली आणि माझी बदली जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात झाली. तिथे फोन उचलायचे होते. जायला सहा दिवस होते.

निकालाच्या दिवशी आवट्यांना न्यायला गाडी लागली.  मला बघून ते थांबले आणि म्हणाले, “तिन्ही परत टांगलेल्या आहेत, त्या उतरवून ठेवा आता. चाकं वाकडी होतात.” मग गाडीत चढले.

बदलीचा हुकूम हातात पडला त्या दुपारी घोलपकाका आले. ते ठाण्यात माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. कोर्टाने त्यांची सायकल परत द्यायला सांगितलं होतं, त्याचा कागद त्यांच्या हातात होता. मी सायकल बाहेर काढून दिली, सही घेतली. ते जायला वळेनात.

“बाई, तो नव्हता म्हणतात,” ते म्हणाले.

“नव्हता, काका.”

“तुम्हीच तसं काढलं म्हणे.”

“मी सायकली बसत नाहीत एवढंच सांगितलं.”

“मी दीड वर्ष त्याच्याकडे बघत बसलो. प्रत्येक तारखेला. म्हटलं, हाच.” त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. “मग मला कुणी मारलं?”

 त्यांची मूळ फिर्याद माझ्या कपाटात होती. ती मी त्या शनिवारी वाचली होती, पाच ओळींची. कुठून आले, कुठे चालले होते, आधी कुणी भेटलं का, वास, आवाज, काहीच विचारलेलं नव्हतं. घोलप दवाखान्यात होते, तिथे जाऊन कुणीतरी पाच ओळी लिहून अंगठा घेतला होता.

केबिनचं दार बंद होतं. बाहेर हवालदार जांभई देत होते. माझे सहा दिवस उरले होते आणि हे काम आता माझं नव्हतंही. मी खुर्ची ओढून त्यांना बसायला दिली, पाणी दिलं आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे घेतला.

“पहिल्यापासून सांगा, काका. घाई नाही.”

“पहिल्यापासून म्हणजे कुठनं?”

“उठलात तिथनं.”

त्यांनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून मांडीवर ठेवली.

“त्या दिवशी,” घोलपकाका म्हणाले, “मोठ्या म्हशीनं दूध द्यायला फार वेळ लावला.”

मी लिहायला घेतलं.